वैश्वानर आणि छातीतली जळजळ

जठरातले आम्ल वर अन्ननलिकेत आले की छातीच्या मधल्या हाडामागे जळजळ उठते आणि घशाकडे चढत जाते. भरल्या पोटी वाकले, जेवून लगेच आडवे झाले, कमरेला काही घट्ट आवळले की ती हटकून होते. तोंडात आंबट पाणी येते, करपट ढेकर सुरू होतात आणि मराठी घरात ‘पित्त झाले’ एवढ्यावर निदान संपते. त्रास बहुधा थोड्या वेळात शमतो. त्यातून निघणारा प्रश्न मात्र तितक्या लवकर शमत नाही. ज्या पचनशक्तीच्या कामातून ही आग होते, तिला भारतीय परंपरेने नुसते उपयुक्त म्हटलेले नाही, देव म्हटले आहे. भगवद्गीतेच्या पंधराव्या अध्यायातल्या चौदाव्या श्लोकात श्रीकृष्ण सांगतो, की वैश्वानर होऊन प्राण्यांच्या देहात तोच राहतो आणि प्राण-अपानांच्या जोडीने चार प्रकारचे अन्न तोच पचवतो. पचवणारा ईश्वर असेल, तर जाळणारा कोण?

वैश्वानराची ही कल्पना गीतेहून जुनी आहे. बृहदारण्यक उपनिषदाच्या पाचव्या अध्यायात माणसाच्या आत राहून अन्न पचवणाऱ्या अग्नीला हेच नाव दिले आहे. कान झाकून घेतले असता ऐकू येणारा घोष त्याचाच, आणि देह सोडण्याची वेळ आली की तो ऐकू येईनासा होतो, असे तिथे म्हटले आहे. छांदोग्यात अश्वपती कैकेय हा राजा आपल्याकडे आलेल्या सहा विद्वानांना वैश्वानरविद्या शिकवतो. विश्वाएवढ्या आत्म्याचे वर्णन करता करता ही विद्या शेवटी जेवणापाशी येते: पहिले घास प्राण, व्यान, अपान, समान आणि उदान यांना आहुती म्हणून द्यायचे. हे न जाणता केलेले अग्निहोत्र म्हणजे निखारे सारून राखेत आहुती टाकण्यासारखे. महाराष्ट्रातल्या काही घरांत आजही चित्राहुती घालून आणि आपोशन घेऊन जेवणाला सुरुवात होते, ती याच प्राणाग्निहोत्राची खूण. समर्थ रामदासांच्या नावाने पंगतीत म्हटला जाणारा श्लोकही जेवणाला यज्ञच ठरवतो.

गीतेतल्या चार प्रकारच्या अन्नाचा अर्थ लावताना शंकराचार्यांनी खाण्याची रीत पाहिली: चावून खायचे, सहज गिळायचे, चोखायचे आणि चाटायचे. ज्ञानेश्वरांनी वेगळी वाट धरली. त्यांच्या टीकेत कोरडे, स्निग्ध, नीट शिजलेले आणि करपलेले असे चार प्रकार येतात, आणि प्राण-अपान हे रात्रंदिवस फुंकला जाणारा जोडभाता होतात. हा अर्थ स्वयंपाकघराच्या अधिक जवळचा आहे आणि त्यात एक तात्त्विक धीटपणाही आहे. करपलेले अन्नही ईश्वरच पचवतो, म्हणजे त्याच्या अग्नीला आवडनिवड नाही. तो पदार्थाचा गुणदोष पाहत नाही, समोर येईल ते पचवतो. पुढच्या विवेचनात हीच गोष्ट महत्त्वाची ठरते.

जठराग्नी म्हणजे जठरातले आम्ल, असे समीकरण मात्र कोणी मांडू नये. आयुर्वेदात जठराग्नीखेरीज पाच भूताग्नी आणि सात धात्वग्नी मिळून तेरा अग्नी मानलेले आहेत. अन्नाचे देहात रूपांतर करणारी सारी प्रक्रिया त्यांत येते, तर आम्ल हा त्या प्रक्रियेतला एक घटक. तरीही चरक आणि वाग्भट यांनी जठराग्नीला इतरांचा आधार मानले, आणि अग्नी मंद होणे हे रोगांचे मूळ सांगितले. अग्नीच्या चार अवस्थाही सांगितल्या: सम, विषम, तीक्ष्ण आणि मंद. जळजळ, आंबट-कडू ढेकर, अन्नावर वासना नसणे ही लक्षणे ‘अम्लपित्त’ या नावाने स्वतंत्र रोग म्हणून काश्यपसंहितेत आणि माधवनिदानात येतात. आग होते म्हणजे अग्नी वाढला असणार, हा सरळ तर्क आयुर्वेदाने स्वीकारला नाही, हे इथे लक्षात घ्यावे. पचन बिघडून अन्न आंबणे आणि पित्त विदग्ध होणे अशी तिथली मांडणी आहे. त्यामुळे जळजळ आणि मंद अग्नी एकत्र नांदू शकतात.

युरोपात हा प्रश्न उलट्या बाजूने सुटत गेला. तिथेही पचन हे उष्णतेचे काम समजले जात असे. सतराव्या शतकात व्हान हेल्मोंट याने विचारले, की मासे थंड असतात, मग त्यांचे अन्न कसे पचते? त्याने जठरातल्या आंबट द्रव्याकडे बोट दाखवले, पण त्या द्रव्यावर देखरेख करणारे एक आत्मतत्त्वही जठरात बसवले. पुढे फ्रान्समध्ये रेओम्यूरने १७५२ साली पाळीव घारीला मांस भरलेल्या, टोकांना जाळी लावलेल्या धातूच्या नळ्या गिळायला लावल्या. न पचणारी वस्तू ओकून टाकण्याची घारीची सवय त्याच्या पथ्यावर पडली. नळ्या बाहेर आल्या तेव्हा आतले मांस विरघळू लागलेले होते, म्हणजे पचन दळण्याने होत नव्हते, रसाने होत होते. इटलीतल्या स्पालांझानी या धर्मगुरूने पुढे हेच प्रयोग स्वतःवर केले. अन्न भरलेल्या कापडी पिशव्या गिळल्या आणि त्या शरीराबाहेर पडल्यावर आत काय उरले ते तपासले. मग १८२३ साली लंडनच्या विल्यम प्राउट या वैद्याने जठररसातले आम्ल हायड्रोक्लोरिक असल्याचे रॉयल सोसायटीपुढे मांडले. भांडी आणि फरशा घासायला वापरतात तेच हे आम्ल पोटात आहे, ही गोष्ट अनेकांना पटेना.

प्राउट श्रद्धावान होता. ब्रिजवॉटरच्या अर्लने ईश्वराची शक्ती, शहाणपण आणि दया सृष्टीत कशी दिसते हे दाखवणारे ग्रंथ लिहवून घेण्यासाठी मृत्युपत्रात ८,००० पौंड ठेवले होते. त्या मालेत १८३४ साली प्राउटचा ग्रंथ आला, आणि त्याचे विषय होते रसायन, हवामान आणि पचन. पचनासारखी नेटकी व्यवस्था योजनाकाराशिवाय संभवत नाही, हा त्या विचाराचा गाभा. या युक्तिवादाची अडचण मात्र प्रत्येक करपट ढेकराबरोबर वर येते. योजना जर इतकी नेटकी, तर अन्ननलिका आणि जठर यांच्यामधला झडपेचा स्नायू इतक्या सहज का गळतो? गरोदरपणात, लठ्ठपणात किंवा नुसत्या जड जेवणाने जिची कसोटी लागते, अशी व्यवस्था निर्दोष म्हणता येत नाही. घड्याळ दाखवून घड्याळजी सिद्ध करणाऱ्याला घड्याळ मागे पडते तेव्हाही उत्तर द्यावेच लागते. गीतेतला वैश्वानर या पेचात तितकासा सापडत नाही, कारण तो बाहेर उभा राहून यंत्र रचणारा कारागीर नाही; तो स्वतःच ती क्रिया आहे. पण म्हणून त्याची सुटका होत नाही. क्रिया तोच असेल, तर दाहही तोच ठरतो.

या प्रश्नाचे उत्तर शोधण्याआधी त्याच्यामागे दडलेला दुसरा, अधिक अवघड प्रश्न पाहणे भाग आहे. जळजळ का होते हे विचारण्याआधी, ती सदासर्वकाळ का होत नाही, हे विचारले पाहिजे. जठर दिवसाला दीड ते दोन लिटर रस पाझरते. आम्ल पाझरणाऱ्या पेशींतून बाहेर पडणाऱ्या द्रवाचा सामू एकच्या आसपास असतो, रक्ताचा ७.४. सामूचा प्रत्येक अंक दहापट फरक दाखवतो, म्हणजे हायड्रोजन आयनांचे प्रमाण इथे रक्ताच्या दहा लाख पटींहून अधिक होते. हे आम्ल पेप्सिन या जठरातल्या पाचक द्रव्याला जागे करते, आणि पेप्सिन मांस पचवते. जठर स्वतः मांसाचेच आहे. मग ते स्वतःला का पचवत नाही?

जॉन हंटर या शल्यवैद्याने १७७२ साली याचे उत्तर दिले. अचानक मरण आलेल्या धडधाकट माणसांच्या शवविच्छेदनात जठराची भिंत विरघळून भोक पडलेले त्याने पाहिले होते. त्यावरून त्याने अनुमान काढले, की जिवंत ऊतीत एक जीवनतत्त्व असते, ते असेतोवर पाचकरस तिला शिवत नाही, आणि ते गेले की जठर स्वतःचेच अन्न होते. उपनिषदाच्या वाचकाला हे उत्तर ओळखीचे वाटेल. प्राण आहे तोवर अग्नी सेवक, प्राण गेला की भक्षक. पण ते टिकले नाही. फ्रान्सच्या क्लोद बेर्नार याने जिवंत बेडकाचे मागचे पाय कुत्र्याच्या जठरात छिद्रातून सोडले. बेडूक जिवंत होता आणि पाय पचत होते. नुसते जिवंत असणे हे संरक्षण नव्हते.

खरे संरक्षण अधिक साधे आणि अधिक कष्टाचे निघाले. जठराचे अस्तर सतत दाट श्लेष्मा पाझरते, त्या थरात बायकार्बोनेट मिसळलेले असते, आणि थराच्या एका बाजूला तीव्र आम्ल असताना दुसऱ्या बाजूला, पेशींना लागून, सामू सातच्या जवळ राहतो. अस्तराच्या पृष्ठभागावरच्या पेशीही काही दिवसांत झडून नव्या येतात. सीमा एकदा आखून ठेवलेली नसते, ती रोज नव्याने बांधली जाते. अन्न खाल्ले जाते आणि अन्न प्राण्यांना खातेही, असे तैत्तिरीय उपनिषद सांगते. जठराच्या आत हे वाक्य अक्षरशः खरे आहे, फरक एवढाच की खाणारा आणि खाल्ला जाणारा यांच्यामध्ये मिलिमीटरच्या अंशाएवढा थर उभा असतो. हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू किंवा दुखण्यावरच्या काही गोळ्या तो थर दुबळा करतात, तेव्हा व्रण होतो.

अन्ननलिकेला असा थर जवळजवळ नाही. तिच्याकडे लाळ आहे, खाली ढकलणारी हालचाल आहे आणि खालच्या टोकाला तीन-चार सेंटीमीटर लांबीचा आवळून राहणारा स्नायू आहे. श्वासपटलाचे तंतू त्याला बाहेरून आधार देतात. म्हणजे ज्या आम्लाने जळजळ होते ते बहुतेकांच्या बाबतीत फाजील नसते, सदोष नसते, वेगळेही नसते. तेच आम्ल दोन बोटे खाली असताना अन्न निर्जंतुक करते, पेप्सिनला चालना देते, लोह आणि ब१२ शोषायला मदत करते. कॉलऱ्याचा जंतू त्याच्यापुढे सहसा तगत नाही. म्युनिकच्या पेटेनकोफर याने १८९२ साली कॉलऱ्याचे जंतू पिऊन दाखवण्याचा अचाट प्रयोग केला, तेव्हा त्याने आधी सोडा घेऊन जठरातले आम्ल मारले होते ते याचसाठी. दाह द्रव्यात नाही, जागेत आहे.

इथे वैश्वानराच्या पेचाला एक वाट मिळते. ख्रिस्ती तत्त्वचिंतक ऑगस्टीनने, चांगले आणि वाईट ही दोन स्वतंत्र तत्त्वे मानणारा मानी पंथ सोडताना अशीच वाट काढली होती: वाईट हे स्वतंत्र द्रव्य नाही, चांगल्याचे आपल्या क्रमातून ढळणे आहे. भारतीय बोलीत हेच मर्यादा या कल्पनेने सांगता येते. यज्ञातही अग्नीला आधी कुंड लागते, आणि कुंडाबाहेर गेलेल्या अग्नीला कोणी आहुती देत नाही. पण ही वाट थोडी जास्तच सोयीची आहे, म्हणून तिची परीक्षा घ्यायला हवी.

पहिली अडचण अशी, की मर्यादा बंद ठेवूनही चालत नाही. झडपेचा तो स्नायू गिळताना उघडतोच, पण गिळणे नसतानाही अधूनमधून काही सेकंद सैल होतो. जेवणाने जठर ताणले की हे अधिक घडते, आणि ते बिघाडाचे लक्षण नाही. जठरातली हवा ढेकरावाटे सोडण्यासाठी ते लागते. आम्ल बहुतेक वेळा याच सैल क्षणांत वर येते. ज्यांचा स्नायू उघडतच नाही त्यांना अकॅलेशिया नावाचा रोग होतो आणि घास अन्ननलिकेतच अडकून राहतो. रुडॉल्फ निसेन या शल्यवैद्याने १९५० च्या दशकात जठराचा वरचा भाग अन्ननलिकेभोवती गुंडाळून झडप घट्ट करण्याची शस्त्रक्रिया सांगितली. तिने जळजळ थांबते, पण काही रुग्णांना नंतर ढेकर देता येत नाही आणि पोट फुगते. मर्यादा म्हणजे भिंत नव्हे. योग्य वेळी उघडणे हाही तिचाच भाग, आणि उघडण्याची किंमत कधीतरी मोजावी लागते. निर्दोष योजनेच्या युक्तिवादापेक्षा हे वर्णन देहाला अधिक लागू पडते.

दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. काहींना आम्ल वर आलेले नसतानाही जळजळ होते. चोवीस तास अन्ननलिकेतला सामू मोजला तरी त्यांच्या दुखण्याशी जुळणारे काही सापडत नाही, आणि काहींना नेहमीच्या प्रमाणातले आम्लही असह्य होते. चिंता आणि अपुरी झोप ही संवेदना तीव्र करतात. म्हणजे दाह सगळाच जागेत नाही, काही जाणणाऱ्यातही आहे. मर्यादेचा सिद्धांत इथे अपुरा पडतो, आणि तो पुरा आहे असे भासवण्यात अर्थ नाही.

अचानक जळजळ उठली तर करायच्या गोष्टी मोजक्या आहेत, आणि त्या बहुतेक या मर्यादेला हात देणाऱ्याच आहेत. आडवे असल्यास उठून बसावे किंवा उभे राहावे, म्हणजे द्रव खाली उतरतो. नाडी, पट्टा सैल करावा. पाण्याचे घोट घेतल्याने अन्ननलिका धुतली जाते, आणि काही चघळल्याने सुटणारी लाळ उरलेले आम्ल मारते. कॅल्शियम, मॅग्नेशियम किंवा ॲल्युमिनियमच्या क्षारांची आम्लनाशके काही मिनिटांत गुण देतात. अल्जिनेट असलेले औषध जठरातल्या अन्नावर तरंगणारा थर करते. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्याने आम्लनाशकांतले क्षार डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. खाण्याचा सोडा लगेच आराम देतो, पण त्यातून वायू सुटतो आणि सोडियम वाढते, म्हणून रक्तदाब असणाऱ्याने तो टाळावा. थंड दुधाने घटकाभर बरे वाटते, मात्र त्यातली प्रथिने आणि कॅल्शियम पुढे आम्ल वाढवतात. आमसुलाचे सार कोकणात पित्तशामक मानले जाते. ते स्वतः आंबट असल्याने काहींची जळजळ त्याने वाढते. झोपताना डाव्या कुशीवर वळावे, कारण त्या स्थितीत जठर अन्ननलिकेच्या खाली राहते.

छातीतली आग हृदयाचीही असू शकते. दुखणे खांद्यात, हातात, जबड्यात पसरत असेल, घाम फुटत असेल, धाप लागत असेल, तर सोडा आणि ओवा शोधत बसण्यात वेळ दवडू नये, थेट रुग्णालय गाठावे. पित्त समजून झटका अंगावर काढल्याची उदाहरणे फार आहेत. गिळताना अडकणे, वजन घटणे, रक्ताची उलटी किंवा काळी शी हीदेखील तपासून घेण्याची लक्षणे होत.

खाण्याचे धार्मिक नियम इथे पुन्हा भेटतात. अतिशय कडू, आंबट, खारट, उष्ण, तिखट आणि दाह करणारे अन्न राजस माणसाला आवडते आणि दुःख व रोग देते, असे गीतेचा सतरावा अध्याय सांगतो. वाग्भटाने जठराचे चार भाग कल्पून दोन घन अन्नाने, एक द्रवाने भरायला आणि एक वायूसाठी मोकळा ठेवायला सांगितले. झडप ताणाने सैल होते हे माहीत असलेल्या वैद्यालाही याहून नेमका सल्ला सुचणार नाही. उपवासाची गोष्ट मात्र गुंतागुंतीची आहे. रिकाम्या पोटी चहावर चहा, मग तुपातली साबुदाण्याची खिचडी, दाण्याचे कूट आणि तळलेले पापड या क्रमाने केलेली एकादशी जळजळ घेऊनच येते. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ हे लोकांनी उगाच म्हटलेले नाही. कडकडीत उपवासाचीही गीता सरसकट भलावण करत नाही. सहाव्या अध्यायात अती खाणारा आणि मुळीच न खाणारा या दोघांनाही योग साधत नाही असे म्हटले आहे. सतराव्या अध्यायात तर दंभाने शास्त्राबाहेरचे घोर तप करणारे लोक देहातल्या भूतांना आणि आत राहणाऱ्या ईश्वरालाच कष्टवतात, असे कठोर शब्द आहेत. पंधराव्या अध्यायातला वैश्वानर आणि हे वाक्य एकत्र वाचले, की जठराची हेळसांड हा नुसता आरोग्याचा प्रश्न राहत नाही.

मग आम्ल दाबणारे औषध घेणे ही त्या अग्नीची अवज्ञा ठरते का? जेम्स ब्लॅक यांच्या संशोधनातून १९७० च्या दशकात सिमेटिडीन आले, ज्याचा वाटा त्यांच्या १९८८ च्या नोबेलमध्ये होता. पुढच्या दशकाच्या अखेरीस ओमेप्राझोल आले, आणि पेशीतला आम्ल पाझरणारा पंपच रोखता येऊ लागला. अन्ननलिकेला व्रण असेल तर ही औषधे ते भरून आणतात, आणि आत राहणाऱ्याला कष्ट न देण्याचा गीतेचा निकष लावला तर ती घेण्यात गैर काही दिसत नाही. पण ती झडप दुरुस्त करत नाहीत. द्रव पूर्वीसारखाच वर येत राहतो, फक्त त्यात जाळण्याइतके आम्ल नसते. दीर्घकाळ घेतल्यास ब१२ कमी पडू शकते आणि आतड्याच्या काही संसर्गांचा धोका वाढतो, कारण अडवणारे आम्लच उरलेले नसते. पंप रोखणारी गोळी तातडीच्या आरामाची नव्हे. ती जेवणापूर्वी अर्धा तास घ्यायची असते आणि पूर्ण परिणामाला काही दिवस लागतात. बरेच दिवस घेऊन ती एकाएकी सोडली तर जठर काही काळ पूर्वीपेक्षा जास्त आम्ल पाझरते, म्हणून डॉक्टर तिची मात्रा टप्प्याटप्प्याने उतरवतात.